एका नोकरीमागे अडीच कोटी

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बजाज ऑटोत सुमारे २४,००० कामगार वर्षाला १० लाख गाड्या बनवत होते. २००४ साली १०,५०० कामगार २४ लाख गाड्या बनवू लागले. अर्थतज्ज्ञ स्टीफन रोच यांनी पुण्याचा कारखाना पाहून हे आकडे मांडले आणि अर्थतज्ज्ञ अमित भादुरी यांनी रोजगाराविना होणाऱ्या वाढीचे उदाहरण म्हणून ते वापरले. भागाकार केला तर माणशी वर्षाला ४२ गाड्यांवरून २२९ गाड्या होतात. उत्पादन जवळजवळ अडीचपट झाले आणि माणसे निम्म्याहून कमी उरली.

रोच यांनी याचे श्रेय जपानी रोबोंना आणि भारतीय माहिती तंत्रज्ञानाला दिले. ते अर्धेच खरे मानावे असे मला वाटते. स्कूटरच्या जमान्यात कंपनी जे सुटे भाग स्वतः बनवत होती, त्यातले पुष्कळ नंतर बाहेरच्या पुरवठादारांकडून येऊ लागले. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एंड्युरन्स आणि व्हॅरॉक या कंपन्या याच ओघात वाढल्या. तेव्हा १३,५०० कामगारांची ती घट म्हणजे सगळी रोबोंनी खाल्लेली माणसे नव्हेत. काही काम खरोखर संपले, काही शेजारच्या प्लॉटवर गेले आणि जाताना पगाराची पायरी उतरून गेले. पण कारण कोणतेही असो, गाडीमागे लागणारे हात कमी झाले.

हा हिशेब बुलडाणा जिल्ह्यातल्या मेहकरात बसून करायचे कारण साधे आहे. पैनगंगेकाठच्या या तालुक्यात मोटारीचा कारखाना नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४५ हजारांच्या आसपास होती आणि तालुका सोयाबीन-कापसावर चालतो. पण आयटीआय झालेला मुलगा कामाला कुठे जातो, तर संभाजीनगरजवळच्या वाळूजला किंवा पुण्याजवळच्या चाकणला. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, तेव्हापासून बजाजनगर आणि रांजणगाव शेणपुंजीच्या खोल्यांत विदर्भ-मराठवाड्यातली किती पोरे राहून गेली असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही. आता मेहकरजवळून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता. संभाजीनगर दीडशेएक किलोमीटरवर आले. रस्ता झाला, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला नोकरी कोणत्या आकाराची आहे, हे घरात कुणी विचारत नाही.

घोषणांचा भागाकार

त्या टोकाला ऑरिक आहे, शेंद्रा-बिडकीनची सुमारे १०,००० एकरांची औद्योगिक नगरी. २०२४ साली तिथे तीन मोठ्या घोषणा झाल्या. टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलैला राज्य सरकारशी करार केला. त्यात गुंतवणूक सुमारे २०,००० कोटी रुपये आणि थेट रोजगार ८,००० सांगितला गेला. जेएसडब्ल्यू ग्रीन मोबिलिटीच्या इलेक्ट्रिक वाहनांच्या प्रकल्पासाठी २७,२०० कोटी आणि ५,२०० रोजगार असे आकडे आले. इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथर एनर्जीसाठी २,००० कोटी आणि ४,००० रोजगार.

बातमीत कोटी आणि रोजगार शेजारी शेजारी छापले जातात, त्यांचा भागाकार सहसा होत नाही. तो केला तर टोयोटात एका नोकरीमागे अडीच कोटी रुपये येतात, जेएसडब्ल्यूत सव्वापाच कोटी आणि एथरमध्ये ५० लाख. या घोषणा आहेत, हजेरीपट नव्हे, आणि प्रत्यक्षात आकडे हलतात. तरी तफावतीची दिशा खरी आहे. मोटारीच्या कारखान्यात बॉडी शॉप आणि पेंट शॉप असते. पत्र्याचे हजारो स्पॉट वेल्ड रोबो मारतो आणि रंगाची फवारणीही रोबोच करतो. पैसा तिथे जातो. इलेक्ट्रिक स्कूटरच्या कारखान्यात जोडणीचे काम तुलनेने जास्त असते आणि जोडणीत माणसाचा हात अजून स्वस्त पडतो.

एथरच्या घोषणेत वर्षाला १० लाख गाड्यांची क्षमता होती. ४,००० ने भागले तर माणशी २५० गाड्या. बजाजचा २००४ चा आकडा २२९ होता. एथर बॅटरी पॅकही तिथेच बनवणार असल्याने तुलना काटेकोर नाही, पण वीस वर्षांनी उभा राहणारा नवा कोरा कारखानाही माणशी उत्पादनात त्याच घरात बसतो, हे मला लक्षणीय वाटते. म्हणजे दुचाकीच्या लाइनवरची मोठी छाटणी आधीच होऊन गेली आहे. आज बदलते आहे ते आत उरलेल्या माणसाचे काम.

एका रोबोमागे अडुसष्ट माणसे

आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या नोंदीप्रमाणे २०२३ साली भारतात ८,५१० औद्योगिक रोबो बसले. आधीच्या वर्षापेक्षा हे ५९ टक्के जास्त. २०२४ साली ९,१०० बसले आणि त्यातले ४५ टक्के, म्हणजे सुमारे ४,१००, वाहन उद्योगात. वार्षिक खरेदीत भारत जगात सहाव्या क्रमांकावर आला. ऐकायला हे भारी वाटते. पण त्याच वर्षी जगभरात ५ लाख ४२ हजार रोबो बसले आणि त्यातले २ लाख ९५ हजार एकट्या चीनमध्ये.

घनतेचा आकडा अधिक बोलका आहे. २०२१ साली भारताच्या वाहन उद्योगात दर १०,००० कामगारांमागे १४८ रोबो होते आणि चीनमध्ये ७७२. म्हणजे आपल्याकडे एका रोबोमागे ६८ माणसे आणि चीनमध्ये १३. सरासरीचा हा आकडा पसरट आहे. महिंद्राने चाकणला इलेक्ट्रिक मोटारींसाठी जो विभाग उभारला, तिथे १,००० हून अधिक रोबो आहेत. तिथून काही किलोमीटरवर, त्याच गाड्यांना ब्रॅकेट पुरवणाऱ्या छोट्या शेडमध्ये हाताने चालणारी पॉवर प्रेस आणि खडूने लिहिलेला फळा असू शकतो. वाळूजमध्येही चित्र असेच दुपेडी आहे. ‘उद्योग ४.०’ वरची, म्हणजे डिजिटल कारखान्यांवरची, भाषणे पहिल्या दृश्यावर होतात आणि नोकऱ्या बहुतांशी दुसऱ्या दृश्यात असतात.

रोबोही एका जातीचा नसतो. बॉडी शॉपमधला वेल्डिंग रोबो जाळीच्या पिंजऱ्यात असतो आणि दार उघडले की थांबतो. दुसरा प्रकार कोबोटचा, म्हणजे माणसाच्या शेजारी उभा राहून काम करणारा हलका रोबो. बजाजने तो २०१० साली आणला, भारतात सर्वांत आधी आणणाऱ्यांपैकी ही कंपनी, आणि पुढे चाकणला त्यांची संख्या शंभरावर गेली. बोल्ट ठरलेल्या टॉर्कने आवळणे, चिकटपट्टी लावणे, वजन उचलून धरणे ही कामे तो करतो. खांद्याचा जोर लागणारे काम यंत्राकडे गेल्यावर लाइनवर मुली आल्या. टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारीची एक पूर्ण लाइन दीड हजार महिला चालवतात. कारखाना म्हणजे मुलाचे काम, हा मेहकरच्या घराघरातला समज आता जुना झाला आहे. आयटीआयच्या फिटर वर्गात मुली बोटावर मोजण्याइतक्या का, हा प्रश्न त्यामुळे कारखान्यापेक्षा आपल्याला लागू पडतो.

पंचेचाळीस मिनिटांचे मोल

लाइनवर प्रत्यक्ष काय बदलले ते समजायला एकच आकडा पुरतो, तो म्हणजे ओईई. यंत्राने जितके द्यायला हवे होते त्यातले किती दिले, याचा तो टक्का. उदाहरण घेऊ. शिफ्ट ४८० मिनिटांची, जेवण-चहाची ३० गेली, उरली ४५०. दर मिनिटाला एक जॉब निघायला हवा. मशीन ४५ मिनिटे बंद पडले, म्हणजे उपलब्धता ९० टक्के. उरलेल्या ४०५ मिनिटांत मशीन ९५ टक्के वेगाने चालले, म्हणजे ३८५ जॉब. हजारात एक रिजेक्ट. तिन्हींचा गुणाकार साधारण ८५ टक्के येतो आणि जगभरचे कारखाने हाच आकडा उत्तम मानतात.

पूर्वी हा हिशेब सुपरवायझर शिफ्टअखेर वहीत लिहायचा. दोन-चार मिनिटांची थांबणी वहीत येतच नव्हती. ऑपरेटर पाणी प्यायचा, टूलवर हात फिरवायचा, शेजारच्याशी बोलायचा. आता मशीनचा पीएलसी, म्हणजे ते चालवणारा छोटा नियंत्रक संगणक, प्रत्येक थांबणे सेकंदासह नोंदवतो आणि लाइनच्या डोक्यावरच्या टीव्हीवर ते लाल-हिरव्या रंगांत दिसते. कामगाराची ती चोरटी दोन मिनिटे गेली. व्यवस्थापन याला पारदर्शकता म्हणते. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या माणसाला विचारले तर तो दुसरा शब्द वापरेल.

पण त्याच आकड्यात दुसरी एक गोष्ट आहे. ती ४५ मिनिटे पाहा. मशीन बंद पडले तेव्हा पाचशे लोकांच्या लाइनवर कुणाला हाक मारतात? ज्याला अलार्मचा अर्थ कळतो, सेन्सरची वायर तुटली की सिलिंडरची हवा गळते हे ओळखता येते, रोबोचा टीच पेंडंट, म्हणजे हातात धरायचे नियंत्रण पॅनेल, घेऊन त्याला मूळ जागी आणता येते, त्यालाच. ४५ मिनिटांची २० करणारा माणूस शिफ्टला २५ जॉब वाचवतो, महिन्याला साडेसहाशे. बाकीचे हात सहज बदलता येतात. हा बदलता येत नाही. डिजिटल यंत्रांनी कामगारांची विभागणी या एका रेषेवर केली आहे.

सीएनसीचेच, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर कापणाऱ्या यंत्राचेच, घ्या. जुना टर्नर लेथवर हाताने चाक फिरवून मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडायचा. सीएनसी आली तेव्हा त्याचे हात सुटले, पण डोके लागत राहिले. कापणारा इन्सर्ट झिजला, व्यास ०.०३ मिलिमीटरने वाढला, तर ऑपरेटर मायक्रोमीटरने मोजून तेवढा ऑफसेट, म्हणजे दुरुस्तीचा आकडा, मशीनमध्ये टाकायचा. सकाळी थंड मशीन आणि दुपारी तापलेले मशीन वेगळे वागते हे त्याला अनुभवाने ठाऊक असायचे. आता बऱ्याच लाइनींवर मोजमाप आपोआप होते आणि ऑफसेटही आपोआप जातो. ऑपरेटर जॉब चढवतो, बटण दाबतो, जॉब उतरवतो. त्यासाठी दोन वर्षांचा आयटीआय कशाला हवा? आठवड्याभरात शिकता येते. कंपन्यांनाही हे कळते, म्हणून त्या जागी आता बारावी झालेला ट्रेनी उभा दिसतो.

तेव्हा नवी यंत्रे कौशल्य वाढवतात की कमी करतात, या वादाचे उत्तर तुम्ही मशीनच्या कोणत्या बाजूला उभे आहात यावर ठरते. समोर उभ्या असलेल्याचे कौशल्य घटते. मागची झाकणे उघडणाऱ्याचे वाढते. आणि समोरच्या जागा मागच्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

ती जास्तीची माणसे कोणत्या अटींवर येतात हे उद्योगांच्या वार्षिक पाहणीत दिसते. २०२३-२४ साली देशातल्या संघटित कारखान्यांतले ४२ टक्के कामगार कंत्राटी होते. शतकाच्या सुरुवातीला हे प्रमाण पाचात एक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ठरावीक मुदतीच्या नोकरीलाही एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी दिली, हे बरे झाले. पण ब्रेक देऊन अकरा महिन्यांत घरी पाठवण्याची पद्धत ज्यांना माहीत आहे, ते या एका वर्षाच्या अटीकडे जरा सावधपणेच पाहतील.

आयटीआयच्या दारात

राज्यात ४१९ शासकीय आयटीआय आहेत, मेहकरसारख्या तालुक्याच्या गावीही. फिटर आणि इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे जुने, भरवशाचे ट्रेड. त्यांच्या शेजारी आता राष्ट्रीय यादीत नवी नावे आली आहेत: मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल, अ‍ॅडव्हान्स्ड सीएनसी मशिनिंग टेक्निशियन आणि एका वर्षाचा इंडस्ट्रियल रोबोटिक्स अँड डिजिटल मॅन्युफॅक्चरिंग टेक्निशियन. शेवटचे नाव पालकांना भुरळ घालणारे आहे. माझे मत विचाराल तर दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन करून वर पीएलसी आणि न्यूमॅटिक्सचे, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणांचे, काही महिने केलेला मुलगा, नुसता रोबोटिक्सचा एक वर्षाचा कोर्स केलेल्यापेक्षा त्या ४५ मिनिटांत अधिक कामाला येईल. रोबो स्वतः क्वचित बिघडतो. बिघडते ते त्याच्या भोवतालचे: ग्रिपरची हवा, प्रॉक्सिमिटी सेन्सर, फिक्स्चरची पिन, सैल झालेला कनेक्टर. ही सगळी फिटर आणि इलेक्ट्रिशियनची दुनिया आहे.

चाकणची स्कोडा ऑटो फोक्सवॅगन कंपनी २०११ पासून जर्मन पद्धतीचा मेकाट्रॉनिक्सचा शिकाऊ अभ्यासक्रम चालवते. त्यात वर्ग आणि शॉप फ्लोअर आलटून-पालटून येतात आणि एकच मुलगा यांत्रिक, विद्युत आणि नियंत्रण या तिन्ही बाजू शिकतो. मुदत तीन वर्षांहून अधिक. मोठी कंपनी इतका वेळ एका पोरावर घालवते ते दानधर्म म्हणून नव्हे. संभाजीनगरात चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. मेहकरहून समृद्धीने निघाले तर या जागा अडीच तासांच्या आत आहेत. आयटीआयच्या मुलांची तिथली एक सहलही मी कमी लेखणार नाही.

पैशांचे काय? १५ ते २९ वयाच्या भारतीयांपैकी औपचारिक कौशल्य प्रशिक्षण घेतलेले फक्त ४.४ टक्के, असे २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीने सांगितले. त्यावर केंद्राने २०२५ साली पीएम-सेतू ही ६०,००० कोटींची योजना आणली. त्यात १,००० शासकीय आयटीआय सुधारायच्या आहेत, २०० मुख्य आणि ८०० त्यांना जोडलेल्या. राज्यांनी २०,००० कोटी आणि उद्योगांनी १०,००० कोटी घालायचे आहेत. सरासरी एका संस्थेला ६० कोटी पडतात. योजनेतली पाच राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रे भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियाना इथे ठरली. देशातला सर्वांत मोठ्यांपैकी एक वाहन पट्टा असलेल्या महाराष्ट्राचे नाव त्यात नाही, याची विधानसभेत फारशी कुरबूर झाल्याचे मी ऐकले नाही.

गावातच राहणाऱ्यांचे चित्र निराळे आहे आणि त्यावर लेख सहसा येत नाहीत. डिजिटल बदल मेहकरच्या गॅरेजमध्ये कारखान्याच्या आधी पोहोचला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळपास गेला. त्या जागी इंधनाचा फवारा मोजून देणारे इंजेक्शन आणि सेन्सर आले. कान लावून इंजिनाचा दोष सांगणाऱ्या मिस्त्रीला स्कॅनर घ्यावा लागला, नाहीतर गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊ लागले. इलेक्ट्रिक गाड्यांची भीती मात्र अजून फुगवलेली आहे. २०२४-२५ साली देशात १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या आणि त्या वर्षी नोंदल्या गेलेल्या इलेक्ट्रिक दुचाकी साडेअकरा लाखांच्या घरात होत्या, म्हणजे शंभरात सहा. इंजिनवाल्या गाडीच्या चालन यंत्रणेत २,००० हलते भाग आणि इलेक्ट्रिकमध्ये २० ही उद्योगातली आवडती तुलना आहे. तिचा पहिला फटका वाळूजच्या गिअर-शाफ्ट बनवणाऱ्या लहान शेडना बसेल, रस्त्यावरच्या मिस्त्रीला बराच नंतर. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारी आणि बसना टोल माफ केला आहे. मेहकरच्या इंटरचेंजजवळ चार्जर दुरुस्त करणारा माणूस लागणार, आणि तोही मुळात इलेक्ट्रिशियनच असेल.

आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्याला पहिल्या वर्षी काय मिळते? शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये होते. २०२५ साली केंद्रीय परिषदेने विद्यावेतनाची एकूण चौकट ५,००० ते ९,००० वरून ६,८०० ते १२,३०० करण्याची शिफारस केली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआयवाल्याला ८,००० मिळतात, आधी सहा महिने आणि नंतर मुदत वाढवून एकूण अकरा. बजाजनगरातली खोली आणि मेसचा डबा भरून उरते ते थोडेच. तीन पोरे एका खोलीत राहतात ती त्यामुळेच.

तरीही शिकाऊ उमेदवारी कायद्यात तालुक्याच्या हाताला लागणारा एक आकडा आहे. ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेने, कंत्राटी कामगार धरून, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. टोयोटाचे ८,००० खरे धरले तर ते २०० होतात किंवा १,२००. कंपनी कोणता टक्का निवडते आणि त्या जागा कोणत्या ट्रेडमध्ये भरते, जॉब चढवण्या-उतरवण्याच्या की मेकाट्रॉनिक्सच्या, हे कारखाना उभा राहण्याआधी ठरते. ऑरिकच्या चर्चेत संभाजीनगर आणि जालन्याचे उद्योजक असतात. बुलडाणा जिल्ह्यातल्या एखाद्या आयटीआयच्या प्राचार्यांनी त्या बैठकीत खुर्ची मागायला हरकत नसावी, आणि जाताना २.५ आणि १५ हे दोन आकडे लिहून न्यावेत.